सिंहपुरची पंगत

जेवणाच्या पानावर माणसाचा धर्म जितका उमटतो तितका तो पोथींतहि उमटत नसेल. कोणी काय खावें, कोणाच्या हातचें खावें, कोणत्या तिथीस काय वर्ज्य करावें आणि कोणाच्या शेजारीं पाट मांडावा, या प्रश्नांनीं आपल्या घरांतील वडील मंडळींचें अर्धेंअधिक आयुष्य व्यापलेलें असे. त्यांतील कांहीं नियम काळाच्या ओघांत गेले, कांहीं राहिले. गेले त्याबद्दल आनंद मानणारे आणि राहिले त्यांचा अभिमान बाळगणारे असे दोन्ही पक्ष एकत्र कुटुंबांत अजूनहि एकाच छपराखालीं नांदत असतात. या दोन पक्षांत वाद पुष्कळ होतात. परंतु एक समजूत दोघांनाहि सारखीच मान्य असते. ती ही कीं, माणसांना एकत्र बसावयाचें असेल तर नियम सोडले पाहिजेत, आणि नियम पाळावयाचे असतील तर वेगळें बसलें पाहिजे.

ही समजूत कितपत खरी आहे हें पडताळून पाहण्यास सिंगापूरइतकें सोयीचें शहर क्वचितच सांपडेल. नोकरीधंद्याच्या निमित्तानें आपल्यांतील पुष्कळ घरांचीं मुलें आज तेथें संसार थाटून आहेत. त्यांना भेटावयास आईबाप व सासूसासरे वरचेवर जातात, आणि परत आल्यावर तेथील स्वच्छ रस्ते, उंच इमारती व शिस्त यांचीं वर्णनें शेजाऱ्यांस ऐकवितात. तीं वर्णनें खरींच आहेत. परंतु त्या शहरांत याहूनहि पाहण्यासारखी एक गोष्ट आहे, असें आम्हांस वाटतें; ती म्हणजे तेथील जेवणाचीं मेजें. आज वाचकांस आम्ही त्या मेजांपाशींच नेणार आहों.

नगरीची घडण

मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोंकाशीं, विषुववृत्तापासून सुमारें सव्वा अंशावर हें लहानसें बेट आहे. मुंबई शहर व उपनगरें मिळून जेवढी जागा होते त्याहून तें थोडेंच मोठें भरेल. त्याचें नांव आपल्या ओळखीचें आहे. 'सिंहपुर' या संस्कृत नांवावरूनच तें आलेलें आहे. मलाय भाषेंत संस्कृताचें हें लेणें जागोजाग आढळतें. ते लोक भाषेला 'बहासा' म्हणतात; साखरेला 'गुला' म्हणतात, त्यांत आपला गूळ आहे. आणि इस्लाम धर्माचे मलाय लोक रमजानच्या रोजांस जो 'पुआसा' शब्द लावतात, तो आपल्या 'उपवास' शब्दाचाच अपभ्रंश होय. एका धर्माचें व्रत दुसऱ्या धर्माच्या भाषेंतल्या नांवानें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें, आणि पाळणाऱ्यांच्या निष्ठेंत त्यानें तिळमात्र उणें आलें नाहीं! या शहराचा स्वभाव येथूनच कळूं लागतो.

१८१९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टॅम्फर्ड रॅफल्सनें येथें व्यापारी ठाणें उघडलें. बंदर जकातमुक्त असल्यामुळें थोड्याच वर्षांत नाना देशांचे लोक तेथें लोटले. चीनच्या दक्षिण भागांतून होक्क्येन, तेओच्यू, कँटनी, हैनानी व हक्का असे एकमेकांची बोली न समजणारे चिनी आले. तामिळ देशांतून हिंदु व मुसलमान आले. आसपासच्या बेटांवरून मलाय, बुगी व जावाचे लोक आले. १८२२ मध्यें रॅफल्सनें गांवाची जी आंखणी ठरविली तींत प्रत्येक जमातीस वेगळी पेठ नेमून दिली होती. नदीच्या नैर्ऋत्येस चिनी, कांपोंग ग्लाममध्यें सुलतानाचे लोक, अरब व बुगी, आणि नदीच्या वरच्या अंगास चुलिया म्हणजे तामिळ. ज्यानें त्यानें आपापल्या आळींत राहावें, हीच आरंभींची कल्पना होती. २०२० च्या शिरगणतीप्रमाणें तेथील रहिवाशांत शेंकडा ७४.३ चिनी, १३.५ मलाय व ९ भारतीय वंशाचे आहेत. आणि राज्यभाषा चार आहेत: मलाय, चिनी, तामिळ व इंग्रजी.

एका रस्त्यावरचीं दैवतें

आळ्या नेमून दिल्या तरी दैवतांनीं त्या मानल्या नाहींत. तेलोक आयर नांवाचा रस्ता पूर्वीं अगदीं समुद्राच्या कांठावर होता. पुढें भर घालून समुद्र मागें हटविण्यांत आला. या एका रस्त्यावर नागोरच्या शाहुल हमीद या सत्पुरुषाच्या स्मरणार्थ १८२८ ते १८३० मध्यें बांधलेला दर्गा आहे. माझू या समुद्रदेवतेचें थियान होक केंग हें १८३९ ते १८४२ मध्यें उभारलेलें चिनी देऊळ आहे. आणि अल्‌ अब्रार ही तामिळ मुसलमानांची मशीदहि आहे. वादळी समुद्र ओलांडून आलेला माणूस, मग तो चिनी असो कीं तामिळ, किनाऱ्यावर पाऊल ठेवतांच प्रथम आपल्या दैवताचे आभार मानी. सागराची भीति सर्वांस सारखीच होती, म्हणून कृतज्ञतेचीं स्थानेंहि एकाच किनाऱ्यावर उभीं राहिलीं.

साउथ ब्रिज रोडवरहि हाच प्रकार दिसतो. रॅफल्सबरोबर पिनांगहून आलेल्या नारायण पिळ्ळै यांनीं १८२७ सालीं स्थापिलेलें मारिअम्मन देवीचें मंदिर आज चिनी वस्तीच्या ऐन मध्यावर आहे. त्याच्या जवळच १८२६ सालीं स्थापन झालेली जामे मशीद आहे. मंदिराच्या गोपुरावरून एका गल्लीस 'पॅगोडा स्ट्रीट' आणि मशिदीवरून दुसरीस 'मॉस्क स्ट्रीट' हीं नांवें पडलीं, आणि या दोन्ही गल्ल्यांत दुकानें मात्र चिनी लोकांचीं!

पण आम्हांस सर्वांत अपूर्व वाटतो तो वॉटर्लू स्ट्रीट. तेथें १८७० सालापासूनचें श्रीकृष्णाचें मंदिर आहे, आणि शेजारींच १८८४ सालचें क्वान यिन या करुणेच्या देवीचें चिनी देऊळ आहे. ही देवी म्हणजे बौद्धांचा अवलोकितेश्वर. चीनमध्यें जाऊन त्याला स्त्रीरूप प्राप्त झालें. देवीचें दर्शन आटोपलें कीं चिनी भाविक चार पावलें पुढें येऊन मुरलीधरासमोरहि उदबत्त्या लावतात, आणि मंदिराच्या चालकांनीं त्यांच्यासाठीं दारापाशीं उदबत्त्यांचें मोठें पात्रहि ठेवलेलें आहे. कृष्णाच्या कथेंतील एक अक्षर ठाऊक नसतांहि शेजारधर्म म्हणून त्याला हात जोडणारी चिनी आजीबाई पाहिली म्हणजे भक्तीची व्याख्या नव्यानें करावी लागेल, असें वाटतें.

फेरीवाल्यांचा बाजार

देवळांतून आतां स्वयंपाकाकडे वळूं. सिंगापूरचें अन्न घडलें तें रस्त्यावर. एकटा आलेला मजूर स्वयंपाक करणार केव्हां? त्याच्या पोटाची काळजी खांद्यावर कावड घेऊन हिंडणारे फेरीवाले वाहत. पुढें शहर वाढलें, रस्ते अडूं लागले, गटारांत खरकटें सांचूं लागलें. तेव्हां १९६८–६९ मध्यें सरकारनें फेरीवाल्यांची नोंदणी केली. सुमारें अठरा हजार फेरीवाले नोंदले गेले. १९७१ ते १९८६ या काळांत त्यांस पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेल्या पक्क्या छपराखालीं जागा देण्यांत आल्या. यांनाच तेथें 'हॉकर सेंटर' म्हणतात. अशीं सेंटरें आज शंभराहून अधिक आहेत, आणि १६ डिसेंबर १९२० च्या नव्हे, तर अगदीं अलीकडच्या, १६ डिसेंबर २०२० च्या दिवशीं युनेस्कोनें या परंपरेची मानवजातीच्या वारशांत नोंद केली.

एखाद्या सेंटरांत दुपारीं बारा वाजतां जाऊन पाहावें. चारी बाजूंनीं उघडें असें लांबरुंद छप्पर, वर गरगरणारे पंखे, कडेनें छोटीं छोटीं दुकानें, आणि मध्यें ओळीनें रोवलेलीं मेजें. जागा धरावयाची असल्यास मेजावर कागदी रुमालांचें पुडकें ठेवतात. तेवढ्यावर ती जागा आपली, तें कोणी उचलीत नाहीं. कॉफी मागावयाची झाली तरी एका घोटांत दोन भाषा येतात. 'कोपि ओ कोसोंग' म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. यांतील 'कोपि' व 'कोसोंग' हे शब्द मलाय, तर 'ओ' हा होक्क्येन बोलींतला काळेपणा. शेजारच्या दुकानांत तामिळ मुसलमान 'मी गोरेंग' परतीत असतो: शेवया चिनी, परतण्याचा शब्द मलाय, मसाला भारतीय. पराठ्याचा तेथील अवतार म्हणजे 'रोटी पराटा'. तो सकाळच्या न्याहारीस चिनी कारकून आणि मलाय शिक्षिका सारख्याच आवडीनें खातात.

येथवर वाचून एखाद्या वाचकास वाटेल कीं, या शहरांत सर्वांनीं खाण्यापिण्याचे निर्बंध समुद्रांत बुडविले असावेत. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. मुसलमानांस डुकराचें मांस व त्याची चरबी निषिद्ध, आणि चिनी पाकशास्त्र तर या दोहोंवांचून चालावयाचें नाहीं. हिंदूंस गोमांस वर्ज्य. आणि क्वान यिनचे पुष्कळ चिनी भक्तहि देवीच्या आदरार्थ गोमांस खात नाहींत. बौद्ध चिन्यांतील अनेकजण चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं शाकाहार करतात. जे कडक नेम पाळतात ते कांदा, लसूण आणि त्या जातीच्या उग्र भाज्याहि टाळतात. चातुर्मासांत कांदा-लसूण सोडणाऱ्या आपल्या आजीला हा नेम समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं!

हे सर्व निर्बंध एकाच छपराखालीं कसे पाळले जातात? प्रत्येकजण आपला निर्बंध उघड सांगतो, आणि व्यवस्था त्याप्रमाणें केली जाते. मुसलमानांस चालेल अशा दुकानांस १९७८ सालापासून तेथील इस्लामी मंडळ हलालचें प्रमाणपत्र देतें, आणि तें दर्शनी भागीं लावलेलें असतें. जेवण झाल्यावर तबकें परत ठेवण्याच्या मांडण्याहि दोन असतात, एक हलाल दुकानांच्या भांड्यांची व दुसरी इतरांची, म्हणजे धुण्यांतहि सरमिसळ होऊं नये. बौद्ध शाकाहाराचें दुकान बहुतेक ठिकाणीं असतेंच. शिवाय सेरंगून रोडच्या भारतीय वस्तींत १९२४ सालीं निघालेलें आनंद भवन, १९४७ सालीं निघालेलें कोमला विलास, अशीं तामिळ पद्धतीचीं शाकाहारी खानावळींचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडीं आहेत.

मग मेज कोणाचें? मेज सर्वांचें. एकाच कचेरींतले चौघे स्नेही जेवावयास येतात. एकजण हलाल दुकानांतून भात आणतो, दुसरा चिनी दुकानांतून शेवया, तिसरी शाकाहारी पान आणते, चौथा पराठा. आणि चौघेहि एका मेजाभोंवतीं बसून गप्पा मारीत जेवतात. कोणी कोणाच्या पानांत हात घालीत नाहीं, कोणी कोणाच्या पानाकडे पाहून नाक मुरडीत नाहीं. पानें चार, पंगत एक. आरंभीं सांगितलेल्या समजुतीला याहून सरळ उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

जातां जातां प्रवासास निघणाऱ्या शाकाहारी मंडळींस एक सूचना. तेथील पुष्कळ हिरव्या भाज्यांत व चटण्यांत 'बेलाचान' नांवाचें वाळलेल्या कोळंबीचें वाटण घालतात. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असेलच असें नाहीं. नि:संकोच विचारावें; विचारल्याचा तेथें कोणास राग येत नाहीं.

मोदकाचीं भावंडें

आमच्या वाचकभगिनींस अधिक रस वाटेल असा एक विषय येथें सांगितला पाहिजे. पूर्वीच्या काळीं मलाक्का, पिनांग व सिंगापूर या बंदरांत आलेल्या चिनी व्यापाऱ्यांनीं स्थानिक स्त्रियांशीं विवाह केले. त्यांच्या वंशजांस 'पेरानाकान' म्हणतात. 'अनाक' म्हणजे मूल, त्यावरून 'येथें जन्मलेले' असा त्याचा अर्थ. मलाक्काचे 'चिट्टी' हे तर तामिळ पेरानाकान. घरांत मलाय बोलतात आणि पूजा हिंदु देवांची करतात.

या घरांतील गृहिणींच्या हातून जें पाकशास्त्र निर्माण झालें त्यांत चिनी पदार्थांस नारळाचें दूध, चिंच, हळद व गवती चहा भेटलीं. त्यांच्या गोड पदार्थांस 'क्वे' म्हणतात. त्यांतला 'क्वे दादार' म्हणजे ओल्या नारळाचा चव ताडगुळांत शिजवून केलेलें सारण, आणि तें गुंडाळलेलें हिरवें पातळ धिरडें. 'ओंदे ओंदे' म्हणजे चिकट तांदुळाच्या पिठाची गोळी. तिच्या पोटांत गूळ, उकडली कीं गूळ पाझरतो, आणि वरून ओलें खोबरें. हिरवा रंग व सुवास येतो तो केवड्याच्या कुळांतील 'पांदान' नांवाच्या पानाचा. उकड, नारळ आणि गूळ! गणेश चतुर्थीस ज्या हातांनीं मोदकाच्या कळ्या पाडल्या असतील, त्या हातांस हे पदार्थ परके वाटणें शक्य नाहीं. तामिळ लोकांनीं नेलेला 'पुटु मायम' तर आपल्या कोंकणांतील शिरवाळ्यांचा सख्खा भाऊ: तांदुळाच्या उकडलेल्या शेवया, सोबत खोबरें व गूळसाखर. जेथें समुद्र, माड आणि भात एकत्र आले, तेथें बायकांच्या बुद्धीनें सारख्याच वाटा काढल्या.

वर्षाचें चक्र

सिंगापुरांत वर्ष एकदां सुरू होत नाहीं. इंग्रजी वर्षामागून चिनी वर्ष येतें. चिनी महिना आपल्या महिन्याप्रमाणेंच अमावास्येनंतर सुरू होतो, आणि तेहि अधिक महिना धरतात; म्हणून त्यांचे सण आपल्या तिथींच्या अगदीं जवळून जातात. वर्षाच्या आदल्या रात्रीं कुटुंबांतील सर्वजण, कितीहि दूर असले तरी, वडिलांच्या घरीं जेवावयास जमतात. दुसऱ्या दिवशीं भेटीस जातांना संत्र्यांची जोडी न्यावयाची, कारण कँटनी बोलींत संत्र्याचा व सोन्याचा उच्चार सारखा आहे. आणि वडिलांनीं मुलांस लाल पाकिटांत पैसे द्यावयाचे. ही लाल पाकिटें पाहून मलाय लोकांनीं ईदेसाठीं हिरवीं पाकिटें काढलीं, आणि भारतीयांनीं दीपावलीसाठीं जांभळीं. देण्याची रीत एक, रंग तीन.

तामिळांचा 'थैपूसम' थै महिन्यांतील पुष्य नक्षत्राच्या पौर्णिमेस येतो. सेरंगून रोडच्या श्रीनिवास पेरुमाळ मंदिरापासून टँक रोडच्या दंडायुधपाणीच्या मंदिरापर्यंत भक्त कावडी घेऊन अनवाणी चालतात. कित्येक चिनी भक्तहि ती कावड उचलतात. रमजानांत गेलांग सेराई भागांतील बाजार रात्रीं फुलतो. ईदेस, म्हणजे 'हरि राया'स, नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुड्यांत शिजविलेला 'केतुपात' भात असतो. पाहुण्यांसाठीं घर दिवसभर खुलें असतें, आणि हिंदु शेजारी येणार असेल तर जाणती गृहिणी गोमांसाचें 'रेंडांग' बाजूस ठेवून कोंबडीचें किंवा भाज्यांचें कालवण पुढें करते.

चिनी सातव्या महिन्यांत पितरांचें द्वार उघडतें अशी समजूत आहे. रस्त्याच्या कडेस भात, फळें व उदबत्त्या मांडतात, कागदी नाणीं जाळतात, आणि मांडवांत गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. त्यांत पहिली रांग अदृश्य पाहुण्यांसाठीं रिकामी ठेवतात. आपला पितृपक्ष यानंतर थोड्याच दिवसांनीं येतो. पुढें नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस नऊ देवराजांचा उत्सव असतो; त्यांत भाविक शुभ्र वस्त्रें नेसून शाकाहार पाळतात. आणि हे नऊ दिवस बहुधा आपल्या नवरात्राशींच जुळतात! एका गल्लींत देवीचा घट बसलेला, दुसरींत देवराजांचे पिवळे झेंडे, उपवास दोन्हीकडे. त्यामागून येते दीपावली. तामिळ घरांत पहांटेचें तैलस्नान हें तिचें मुख्य अंग. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाची आठवण देणारें.

मुसलमानी वर्षांत अधिक महिना नाहीं, त्यामुळें त्यांचे सण दर वर्षीं सुमारें अकरा दिवस मागें सरतात, आणि कधीं या सणास तर कधीं त्या सणास येऊन मिळतात. २००५ सालीं १ नोव्हेंबरला दीपावली व ३ नोव्हेंबरला ईद होती. चकलीच्या तळणीचा वास आणि केतुपाताची वाफ एकाच जिन्यांत दरवळत असली पाहिजे.

सलोख्याची किंमत

हें चित्र पाहून कोणी समजेल कीं, त्या मातींतच कांहीं गोडवा आहे. तसें नाहीं. २१ जुलै १९६४ रोजीं पैगंबर-जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं मलाय व चिनी यांच्यांत दंगल पेटली. तींत २३ माणसें मेलीं व ४५४ जखमी झालीं. सप्टेंबरांत पुन्हां भडका उडाला, त्यांत १३ मेलीं. ज्या सणाच्या दिवशीं शेजाऱ्याकडे मिठाई जावयाची त्याच दिवशीं शेजाऱ्याचें दार बंद झालें. तेव्हां सिंगापूर मलेशियाच्या संघराज्यांत होतें. पुढच्याच वर्षीं, ९ ऑगस्ट १९६५ रोजीं, तें वेगळें झालें.

या आठवणीनें तेथील राज्यकर्ते कायमचे सावध झाले. तेथील बहुसंख्य लोक सरकारनें बांधलेल्या इमारतींत राहतात. १९८९ पासून प्रत्येक इमारतींत व वसाहतींत कोणत्या वंशाचे किती लोक असावेत याची मर्यादा ठरलेली आहे, म्हणजे रॅफल्सच्या वेगळाल्या पेठा पुन्हां उभ्या राहूं नयेत. १९९७ पासून शाळांतून २१ जुलै हाच दिवस वांशिक सलोख्याचा दिवस म्हणून पाळतात. दंगलीची तारीख पुसून न टाकतां तिचाच धडा केला.

अशा व्यवस्थेची किंमतहि असते, आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. मर्यादा भरलेल्या इमारतींत अल्पसंख्याक कुटुंबास घर विकावयाचें झाल्यास गिऱ्हाइक मर्यादित वंशांतूनच शोधावें लागतें, व त्यांत नुकसान सोसावें लागतें. थैपूसमची सार्वजनिक सुटी १९६८ मध्यें सुट्या कमी करतांना गेली, ती हिंदूंच्या मनांत अजून सलते. हॉकर सेंटरांतील हातहि आतां म्हातारे होत चालले आहेत. पहांटे चारला उठून चुलीपाशीं उभें राहण्यास शिकलेलीं मुलें तयार नसतात. युनेस्कोची मोहोर उमटली म्हणून चूल पेटत राहते असें नाहीं. आणि कायद्यानें माणसें शेजारीं आणून बसविलीं तरी त्यांचीं मनें शेजारीं बसविणें कायद्याच्या हातीं नसतें.

कालवणाची गोष्ट

हें शेवटचें वाक्य किती खरें आहे, हें एका घटनेनें दिसून आलें. ऑगस्ट २०११ मध्यें तेथील वर्तमानपत्रांत एका जुन्या तडजोडीची हकीकत आली. चीनमधून नुकत्याच आलेल्या एका कुटुंबानें शेजारच्या भारतीय कुटुंबाच्या 'करी'च्या, म्हणजे मसाल्याच्या कालवणाच्या, वासाबद्दल तक्रार केली होती. मध्यस्थासमोर ठरलें तें असें: भारतीय कुटुंबानें शेजारी घरीं नसतील तेव्हांच करी शिजवावी, आणि चिनी कुटुंबानें ती एकदां चाखून पाहावी.

ही बातमी वाचून शहर खवळलें, आणि सर्वांत अधिक खवळले ते तेथलेच जुने चिनी! करी ही आमची सर्वांची आहे, ती शिजविण्यास कोणाच्या परवानगीची जरुर नाहीं, असें म्हणत हजारों लोकांनीं २१ ऑगस्ट २०११ हा रविवार ठरविला आणि त्या दिवशीं घरोघर करी शिजविली. ना मोर्चा, ना दगडफेक. शहरानें आपलें मत चुलीवर ठेवून शेजाऱ्यांना वाढलें. या उत्साहांत नवागतांविषयींचा रोष थोडाफार मिसळलेला होता, हेंहि नाकारतां येणार नाहीं. तरी सत्तेचाळीस वर्षांपूर्वीं ज्या गांवांत मिरवणुकीवरून रक्त सांडलें, त्याच गांवांत परजातीच्या शेजाऱ्याचा स्वयंपाक लोकांनीं आपला म्हणून उचलून धरला, ही प्रगति लहान नव्हे. तिचें श्रेय कायद्यास जितकें, तितकेंच पन्नास वर्षें एका मेजावर बसून खाल्लेल्या अन्नासहि आहे.

ही गोष्ट आम्हांस दूरची वाटत नाहीं. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत भाडेकरूस पहिला प्रश्न 'तुम्ही काय खातां?' हा विचारला जातो, आणि उत्तर पसंत न पडल्यास जागा मिळत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. सुक्या मासळीच्या वासावरून जिन्यांत भांडणें होतात. उलट, शाकाहारी माणसाच्या नेमाची टवाळी करणारेहि कमी नाहींत. आपल्या पानावर काय असावें हें ठरविण्याचा आपल्यास पूर्ण अधिकार आहे, आणि त्या अधिकाराबद्दल लाज बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु आपला नेम आपल्या पानाच्या कडेपाशीं संपतो. तेथून पुढें दुसऱ्याचें पान सुरू होतें, आणि त्याचा नेम त्याचा.

'तुम्ही काय खातां?' हाच प्रश्न सिंगापुरांतहि विचारतात. तेथें तो जेवावयास बोलावण्यापूर्वीं विचारतात, म्हणजे पाहुण्यास न चालणारें कांहीं त्याच्या पुढ्यांत येऊं नये. शब्द तेच, एकानें दार लागतें, दुसऱ्यानें उघडतें. दिवाळीस फराळाचें ताट शेजारीं पाठविण्याची आपली रीत फार जुनी आहे, आणि तीच या कामीं उपयोगीं पडेल. या वर्षीं तें ताट आपल्या ओळखीच्या घरांपलीकडे आणखी एका दारीं जावें, आणि त्या घरचें ताट आलें तर त्यांत आपल्यास चालणारें काय आहे, तेंहि मोकळ्या मनानें सांगावें. सिंहपुरची पंगत अशाच ताटांनीं बसली आहे.